फ्रिजमधली किल्ली

आयवारने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
घरात आधी कान शिरू देत,
मशीन मागून.
भिंतीवरचं घड्याळ काढ, उशीखाली ठेव.
कुत्र्याला हाड दे, पण अंगणात.
आणि फ्रिज बंद केलास
तर गाडीची किल्ली आत ठेव, लोण्याच्या डब्याशेजारी,
म्हणजे निघताना विसरणार नाहीस
की कुणाचं तरी दूध नासतंय तुझ्यापायी.

मी हसले होते. वहीत लिहिलंही नव्हतं.

मग हीउमा बेट, फेब्रुवारी,
लेइदाचं स्वयंपाकघर.
एक्याण्णव वर्षांची बाई; तिने काळ्या पावावर
धुरी दिलेला मासा वाढला, कॉफी दोनदा.
कोपऱ्यात रशियन फ्रिज, पोट सुटलेला,
जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यासारखा घोरत.
मी त्याच्याकडे पाहिलं. तिने मी पाहताना पाहिलं.
पहिल्याच भेटीत कसं सांगायचं एखादीला
की तुमचं घर जरा गप्प करा?
भीड भिकेची बहीण.
मी लाल बटण दाबलं.

म्हटलं, काढू नंतर. तार्तूत सगळं निघतं.

ती बोटांवर बर्फाची नावं मोजत होती,
बापाच्या तोंडची, कोळ्यांची:
पहाटे काचेसारखा तडकतो तो.
किनाऱ्याशी भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो तो.
वरून पांढरा, आतून कुजका, मार्चमधला.
मग थांबली. नजर खिडकीबाहेर गेली.
आणि माणसाला पेलतो पण घोड्याला पेलत नाही,
ज्यावर आमचा थोरला घोडा घेऊन गेला,
त्याला म्हणायचे

फ्रिजने अंग झाडलं. खडखड. मग घुं.

तार्तूत मार्च गेला, एप्रिल गेला.
पडद्यावर तिचा आवाज हिरवा पसरलेला,
तळाशी पन्नास हर्ट्झची जाड रेघ,
वर शंभर, दीडशे, दोनशे, सगळी पिलावळ.
एकेक रेघ छाटत गेले.
रेघ जायची तेव्हा तिची छातीही जायची,
बाई पत्र्याच्या डब्यातून बोलायला लागायची.
परत घातली. परत काढली.
म की व? मधे काना आहे का?
शेवटी एक स तेवढा हाती लागला, बाकी पाणी.

विचारून घ्यावं म्हणून फोन केला. सुनेने उचलला.
गेल्या गुरुवारी, म्हणाली. झोपेतच.
सून पलीकडच्या किनाऱ्यावरची,
तिला बर्फ म्हणजे बर्फ.

बैल गेला नि झोपा केला, म्हणतात.
माझ्याच्याने झोपाही झाला नाही.
कोशात त्या नोंदीपुढे आता प्रश्नचिन्ह आहे,
माझ्या अक्षरातलं.

आयवारने हेडफोन लावून एकदा ऐकलं.
काढले. वायर नीट गुंडाळली.
म्हणाला, फ्रिज छान आलाय.

आता मी विचारते. उंबऱ्यातच, कोट काढायच्या आधी.
काही हसतात. एक बाई रागावली, दारच लावलं.
मुहू बेटावरच्या एंडेलने स्वतःच प्लग उपटला,
आणि आम्ही दोघं बसून राहिलो
त्या अचानक मोठ्या झालेल्या खोलीत.
मग तो बोलायला लागला, हळू,
इतकं हळू की मी सुई पाहत बसले, हलतेय ना.
फ्रिज चालू असता तर तो मोठ्याने बोलला असता.
आणि ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतंच.
ते कुठल्या रेघेखाली शोधलं असतं मी?

निघताना फ्रिज उघडला. लोणी, बडीशोप, किल्ली.
प्लग लावला. तो पुन्हा घोरू लागला,
एंडेलने त्याच्या दारावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

बाहेर गाडीत बसले.
किल्ली इतकी गार की हाताला चावत होती,
माशाचा वास होता तिला.
लगेच फिरवली नाही.